भट्टीमागची बोटभर जागा

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. केव्हा झाला तेही सांगते. यंदाच्या अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, जेवणाची ताटं मोरीत तशीच पडलेली असताना, अमरावतीच्या आमच्या घरात, तिच्याच स्वयंपाकघरात आणि तिच्या देखत. ओव्हन बंद पडला म्हणून कंपनीचा माणूस आला. त्याने भिंतीतल्या ओव्हनचं दार उघडलं, आत टॉर्च मारला, दार लावलं आणि माझ्या भावाकडे वळून म्हणाला, "मॅडमनी चुकीचं वापरलंय, सर. तासन्‌तास रिकामाच तापवला असेल, नाहीतर तळाला फॉइल अंथरला असेल. गॅरंटीत बसणार नाही." वहिनी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिला त्याने एक प्रश्न विचारला नाही. पाणी मात्र तिच्याच हातचं प्यायला आणि गेला.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. बसस्टॉपवर सावली नाही, मुलींच्या वसतिगृहासमोर दिवा नाही, जिथे काही नाही तिथे माझं पत्रक आहे. त्यामुळे माझ्या डोक्यात मथळा तयार झालासुद्धा. पण त्या दुपारी घरात जे बोललं गेलं, ते कुठल्या पत्रकात घालायचं हे मला कळेना.

आई म्हणाली, "मी म्हणतच होती, हे आपल्या घरचं काम नाही. भाकर काय तव्यावर होत नाही का?"

बाबा म्हणाले, "सोमवारी सुताराले बोलावतो. हे धूड काढू आन् तिथं लोणच्याच्या बरण्यांसाठी फळ्या ठोकून घेऊ."

भाऊ मोबाईलमध्ये डोकं घालून बसला.

"पण मी केलं काय, ते तं सांगा कोणी!" वहिनी म्हणाली.

"तू काय केलं ते आमाले काय माहीत वं?" आई म्हणाली. म्हणजे काहीतरी केलं हे ठरलेलं, फक्त काय ते शोधायचं बाकी.

हे घर बांधलं तेव्हा प्रत्येकाने एकेक गोष्ट मागून घेतली होती. बाबांनी मोठ्या कूलरची खिडकी, आईने देवघर, भावाने गाडीला शेड. वहिनी अकोल्याकडच्या तेल्हाऱ्याची, तोंडाची फटकळ, पण तिने एवढंच मागितलं: भिंतीतल्या कपाटात बसणारी भट्टी. वर मायक्रोवेव्ह, खाली ओव्हन, दोन्ही एकाच पोलादी चौकटीत आणि छातीच्या उंचीवर, वाकायला नको. त्यात ती ज्वारीची बिस्किटं भाजायची. ती बिस्किटं गल्लीतल्या घराघरांत जायची. भट्टी चालू असली की वहिनी कोणाची सून नसायची, कोणाची बायको नसायची. फळ्या ठोकल्या असत्या तर बरण्यांना जागा झाली असती, तिला उरली नसती.

ऊन तापायला लागल्यापासून भट्टी मधूनच बंद पडत होती. थंड झाली की आपोआप चालू व्हायची. मग एक दिवस झालीच नाही.

वहिनीने माहेरच्या ओळखीतून अकोल्याच्या एका मिस्त्रीकाकांना फोन लावला. ते हॉटेलांच्या भट्ट्या दुरुस्त करायचे. रविवारी सकाळी एसटीने आले, आणि त्यांच्या आधी त्यांचा आवाज घरात आला.

"काय सूनबाई, काय जाळलं भट्टीत?"

"काका, तुमी बी? आधी ते बाहेर काढा, मंग बोला."

"बाहेर काहून काढाचं? समोरूनच समजते. हीटर गेला असन."

हीटर गेला नव्हता. मग त्यांना दुसऱ्या एका भागाचा संशय आला, तोही ठणठणीत निघाला. काका डोकं खाजवायला लागले.

"मी कवाची सांगून राहिली," वहिनी म्हणाली, "भाजाले ठेवलं का मागून वास येते. गवत भाजल्यावानी."

"गवत? बिस्किटात कडबा टाकता काय?"

भाऊ खो खो हसला. वहिनी त्याच्याकडे वळली. "हसू नका. उठा आन् एक बाजू धरा."

मेन स्विच पाडला. दाराच्या चौकटीतले स्क्रू काढले. समोर टेबल लावून त्यावर गादी टाकली. भाऊ, मी आणि काका असे तिघांनी ते यंत्र इंच इंच ओढलं. माझी बोटं पांढरी पडली. वरच्या भागाला माझा हात लागताच काका ओरडले, "वरच्या पेटीचं झाकण उघडू नका, बावा! तार काढली तरी तिच्या पोटात वीज बसून राहते." मी हात मागे घेतला. स्विच बंद, वायर सुटी, आणि तरी आत वीज बसलेली! आम्ही रोज त्या पेटीत वरण गरम करत होतो.

यंत्र गादीवर आलं आणि कपाटाचा मागचा भाग दिसला. तो गवताने ठासून भरलेला होता. कूलरच्या जाळीत भरतात ते गवत.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा दर उन्हाळ्यात कूलरचं गवत बदलतात आणि उरलेलं गवत घरात जिथे फट दिसेल तिथे कोंबतात, पाली येऊ नयेत म्हणून. खिडकीची फट, पाइपाची फट, आणि भट्टीच्या वरच्या कप्प्यातून मागे गेलेली ही फट. ती हवेसाठी सोडलेली होती.

मी ते गवत हातात घेतलं. बाहेरच्या अंगाला पिवळं, आत तपकिरी, पोलादाला टेकलेलं काळं. चुरा झाला त्याचा. आणि ते पेटलं नव्हतं.

काकांनी मागचं झाकण काढून एक गोल, चपटी वस्तू दाखवली, शर्टाच्या बटनाहून थोडी मोठी. "गरमी वाढली का हे वीज तोडते. तुमचं घर यानं राखलं बावा. दरबखत तोडलं, आन् शेवटी सोतःच गेलं."

मग पंखा कुठे, हवा कुठून येते, गरम पेटीच्या अंगावरून कशी फिरते आणि दाराखालून कशी बाहेर पडते, ते त्यांनी बोट फिरवून दाखवलं. मी आयुष्यात बऱ्याच सभा ऐकल्या, पण अशी गप्प कधी बसले नव्हते. लाकडाच्या कपाटात विस्तव ठेवायचा, आणि दोघांच्या मधे भिंत कशाची? हवेची. तीही वाहती. थांबली की भिंत पडली. एवढ्या बोटभर जागेवर आमचं अख्खं घर उभं होतं आणि ती जागा आम्ही बुजवली होती. आणि ज्या बाईला हे नाकाने कळलं होतं, तिलाच आम्ही गुन्हेगार ठरवलं होतं.

बाबांनी मूठभर गवत उचललं. "मले वाटलं, पाली येतीन."

"नाही आल्या, मामाजी," वहिनी म्हणाली. "बंदोबस्त पक्का होता तुमचा."

काका मोठ्याने हसले, आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. बाबा हसले नाहीत. अंगणात जाऊन त्यांनीच सुताराला फोन केला. फळ्या नकोत, मागच्या फटीला लोखंडी जाळी लावून दे, म्हणाले. पाल जाणार नाही, हवा जाईल.

वीज तोडणारं ते नवं बटन अकोल्याहून यायला थोडे दिवस लागले. मग भट्टी परत चढवली. काकांनी पाणसळ लावून तळ सरळ केला, आजूबाजूला बोट घालून मोकळी जागा तपासली आणि मगच स्क्रू पिळले. वहिनीने पहिला ट्रे भाजला. बिस्किटं काढून तिने ओव्हन बंद केला, तरी आतला पंखा फिरतच होता. बिल वाढू नये म्हणून आईचा हात सवयीने मेन स्विचकडे गेला.

"राहू द्या आई," वहिनी म्हणाली. "त्याले थंड होऊ द्या. आपोआप थांबते."

आईने हात खाली घेतला. आम्ही सगळे तिथेच उभे राहून तो आवाज ऐकत होतो. देवघरापुढे उभे राहतो तसे, खरं सांगते. पंखा थांबला तेव्हाच हललो.

पण वहिनीला अजून कोणी "आमचं चुकलं" म्हटलेलं नाही. कंपनीच्या माणसाने नाही, आईने नाही, भावाने नाही, जाळी लावून घेणाऱ्या बाबांनीही नाही. कंपनीला मी कळवलं, उत्तर नाही. ती म्हणते जाऊ दे. मी जाऊ देत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या घरात असं यंत्र असेल तर आजच उठा, त्याच्या वरचा आणि खालचा कप्पा रिकामा करा, हवेची फट मोकळी आहे का बघा. आणि ते बंद पडलं, तर जी रोज ते वापरते तिला आधी विचारा, तिला काय दिसलं, कसला वास आला. "तू काय केलं" हा प्रश्न यंत्र बाहेर काढून मागे बघेपर्यंत तोंडातून काढू नका. आधीच काढला असेल, तर आत्ता स्वयंपाकघरात जा आणि चुकलं म्हणा.