फेल्टनचा ओ

गुरुवार, १४ एप्रिल १९६०. स्वच्छ ऊन. सणाच्या हिरव्या चटणीसाठी लागतात ते सातही पाले मिळाले. चार अंडी, बटाटे. दुपारी श्रीयुत डीफेनबाख आले. जाताना छत्री विसरले.

त्या दिवशी रोजनिशीत संध्याकाळपर्यंत एवढंच लिहिलं. आणखी एक ओळ रात्रीच्या प्रार्थनेआधी घातली. राहिलेलं आज लिहिते, कारण फेल्टन वारला त्याला आता अकरा वर्षं झाली.

माझा नवरा फालेंटिन ओलेनश्लेगर, घरचा फेल्टन, फ्रांकफुर्टच्या एका अक्षर-कारखान्यात पोलादी ठसे कोरायचा. छपाईचं प्रत्येक अक्षर आधी पोलादाच्या टोकावर कोरावं लागे. १९२५ साली परगावच्या एका चित्रकाराची नवी अक्षरं आली. आमची जुनी अक्षरं काटेरी कुंपणासारखी. ही नुसती वर्तुळं आणि सरळ रेघा. कारखान्यात त्यांना ‘कंपासवाली’ म्हणत.

फेल्टनच्या वाट्याला धाकटा, म्हणजे लहान लिपीतला, रोमन ओ आला. आराखड्याबरहुकूम कोरला तर तो वर-खाली सुजल्यासारखा दिसे. ठसा मेणबत्तीच्या ज्योतीत काळा करायचा, कागदावर दाबायचा, बघायचं, पुन्हा घासायचं. असे अकरा आठवडे गेले. शेवटी वरची आणि खालची कड त्याने केसभर बारीक केली, आणि ओ गोल दिसू लागला. चित्रकाराचं नाव झालं. ते योग्यच होतं, असं फेल्टन म्हणायचा.

ती अक्षरं मग सगळीकडे गेली. ट्रामच्या थांब्यावर, औषधाच्या डब्यांवर, चर्चच्या सूचनाफलकावर. १९४४ च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात आमचं घर पडलं, तेव्हा ढिगाऱ्यावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली होती, तीही त्याच अक्षरांत. फेल्टन ती बराच वेळ बघत उभा राहिला.

त्याच आठवड्यात कारखान्यातले पोलादी ठसे आगीत गेले. युद्धानंतर ठसे यंत्रावर नव्याने कापले. सत्तावन्न साली फेल्टनची नजर पुरती गेली. तेव्हापासून तो एकच मागत होता: जुन्यातलं काही वाचलं असेल, तर माझा ओ द्या. बाकी आयुष्यातलं काही हाताला लागत नाही, म्हणायचा.

आणि त्या गुरुवारी कारखान्याच्या कोठारावरचे डीफेनबाख ठसा घेऊन आले.

“घ्या म्हातारबा. तळघरातल्या खोक्यात सापडला. अख्खी हयात एका भोकावर काढलीत, आता खिशात घालून फिरा.”

“भोक कोणीही पाडतं,” फेल्टन म्हणाला. “त्याच्या भोवतीचं अवघड असतं.”

तीन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. डीफेनबाख गेल्यावर तो ठशावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, “बुर्गल, मेणबत्ती लाव.”

घरात फेब्रुवारीच्या सणाला चर्चमधून मंतरून आणलेली एकच मेणबत्ती होती. ती वादळात घर राखायला लावण्यासाठी ठेवलेली, असं मी म्हटलं. “मग लाव की,” तो म्हणाला.

मी ठसा काळा केला, कागदावर दाबला. माझ्या डोळ्यांना तरी सुरेख गोल उमटला. मी तसं सांगितलं.

“आता कागद आडवा धर. माझा असेल तर बिघडेल. बारीक कडा बाजूंना येतील. यंत्राचा असेल तर कड सगळीकडे सारखी, तो तसाच राहील.”

मी कागद आडवा केला. पुन्हा उभा केला. खिडकीशी नेला, चष्मा पुसला, परत आडवा केला. मठाच्या शाळेत आम्हाला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, आणि ते त्याला माहीत होतं.

“बुर्गल?”

“तसाच राहतोय, फेल्टन.”

त्याने ठसा टेबलावर ठेवला. हात पुसले. अंडी गार झाली असतील, म्हणाला. जेवला मात्र नाही. पुढची दोन वर्षं तो जगला, पण त्या ओबद्दल किंवा कुठल्याही अक्षराबद्दल पुन्हा बोलला नाही. ट्रामच्या थांब्यावरच्या पाटीला हात लावायचा, तेही त्याने सोडलं.

त्या रात्रीची ओळ अशी आहे: टेबलक्लॉथवर काजळीचा डाग, साबणाच्या पाण्यात भिजत घातला.