झेपाबाईची राहिलेली गोष्ट

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात काष्टीजवळच्या माळावर दुष्काळी खडीकेंद्र चालू होतं, तिथं मनकर्णाच्या तोंडाला सगळे टरकून असायचे. हजेरी घेणारा मुकादम आसारामसुद्धा तिचं नाव जपून घ्यायचा. एकदा त्यानं चुकून 'मनकर्णिका' म्हटलं, तर बाई हातोडी खाली ठेवून म्हणाली, "मुकादम, माझ्या बारशाला जेवला हुता का? न्हाई ना? मग हाय तेच नाव घ्या." सगळी रांग हसली आणि आसाराम पुढच्या नावाकडं पळाला.

अशी फटकळ. पण मनानं वाईट नव्हती हो, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढं तिच्या हातून जे झालं ते ऐकून तुम्ही तिला नावं ठेवणार. ठेवा, पण सगळं ऐकून मग ठेवा.

मनकर्णाला पाच-सहा महिन्यांची लेक होती, चांगुणा. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून तिला त्यात निजवायची आणि आपण तिथंच सावलीच्या कडेला खडी फोडत बसायची. शेजारी राहीबाई. ही गावातली नव्हे, तिचं सासर भीमेच्या पल्याड. दोन महिन्यांपूर्वी भावाकडं येऊन राहिली होती. का आली, ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी धड विचारलंही नाही. नवऱ्यानं टाकली असणार, असं बायकांनी आपसात ठरवून टाकलं नि मोकळ्या झाल्या.

राहीबाई एरवी अबोल. पण बोटांना चिंध्या गुंडाळून हातोडी हातात घेतली की तिच्या तोंडून झेपाबाई निघायची.

ही झेपाबाई म्हणजे राहीबाईनं मनानंच रचलेली बाई. दिवसा आपल्यासारखीच खडी फोडायची, रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खायची. पण कुणावर संकट आलं की पदर तोंडावर ओढायची, कासोटा आवळायची आणि एका झेपेत डोंगर ओलांडायची. पाण्याचा टँकर परस्पर दुसरीकडं नेणाऱ्या ड्रायव्हरला तिनं टँकरसकट उचलून गावात आणून ठेवलं होतं. एकदा तर ढगाला दावं लावून श्रीगोंद्यापर्यंत ओढत आणला, तिथं मेलं दावंच तुटलं. बायका हसून हसून लोळायच्या. तेवढा वेळ ऊन लागायचं नाही, हात भरून आलेले कळायचे नाहीत.

पण देवानं तिला ताकद देताना एक अट घातली होती. डोळ्यांतून पाणी आलं की झेप तोकडी पडणार. म्हणून झेपाबाई कधीच रडायची नाही.

"मग कांदा चिरताना काय करायची गं?" मनकर्णानं विचारलं.

"चिरायचीच न्हाई. बुक्कीनं फोडायची," राहीबाई म्हणाली.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडं गोष्ट एकट्यानं होत नाही. एकानं सांगायची आणि एकानं हुंकार द्यायचा. प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचं. 'हूं' थांबला की गोष्ट तिथंच बसली. झेपाबाईच्या गोष्टीला हुंकार द्यायचा मान मनकर्णाचा होता. दुसरी कुणी 'हूं' म्हणाली तर हिला खपायचं नाही. "माझ्याबिगर झेपाबाई एक पाऊल टाकत न्हाई," असं ती मिरवायची.

वैशाखातला दिवस. ऊन मी म्हणत होतं. राहीबाईनं गोष्ट सुरू केली, पण आवाज रोजचा नव्हता.

"एक पोर हुती, चार वर्षांची. तिची आय कामावर गेल्ती."

"हूं."

"पोर खेळत खेळत विहिरीकडं गेली. काठ ढासळलेला. पोरीनं हाक मारली."

"हूं."

"झेपाबाईला ऐकू गेली हाक. पन मुकादमाची हजेरी चालू हुती. नाव चुकलं तर दिवस बुडंल. तिला वाटलं, पोर उगंच बोलावती. नाव झालं की जाते."

"हूं. मग?"

"नाव आलं. 'हजर' म्हनली. आन मग झेप घेतली."

"घेतली न्हवं? आता काढ पोरीला वर!"

राहीबाईची हातोडी थांबली. "न्हाई गं. उशीर झाला. झेपाबाई पोचली तवर पोर गेली हुती."

रांगेतल्या सगळ्या हातोड्या थांबल्या. मनकर्णानं आधी झोळीकडं पाहिलं. आतून चांगुणाची इवली मूठ बाहेर आली होती. मनकर्णाचं भानच सुटलं.

"अगं ए बये, माझं लेकरू हितं निजलंय आन असलं अभद्र बोलतीस? पोचीव तिला!"

"कुनाला?"

"झेपाबाईला! एवढे डोंगर वलांडती आन एका विहिरीपतुर जाता येईना तिला? पोचीव म्हनते ना!"

"न्हाई पोचली ती," राहीबाई हळूच म्हणाली.

"मग जा, म्या हुंकार देत न्हाई."

राहीबाईनं तरी एक वाक्य सांगितलं. "तिला लई रडायचं हुतं, पन..." इतकं बोलून ती मनकर्णाच्या तोंडाकडं बघत थांबली. मनकर्णानं ओठ घट्ट मिटले होते. राहीबाईनं मग दुसऱ्या बाईकडं पाहिलं, तिसरीकडं पाहिलं. मनकर्णानं नाही म्हटल्यावर कोण 'हूं' म्हणतंय? राहीबाईनं समोरचा दगड पायाशी ओढला आणि फोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं आसारामला सांगून पार पलीकडच्या रांगेत जागा मागून घेतली. तिथं ती दिवसभर मुक्यानं खडी फोडायची. मनकर्णाला ती तिथून दिसायची. पाण्याला जाता-येता दहा वेळा जवळून जाणं व्हायचं. 'ये गं बाई, चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. पण चुकलं म्हणायला आधी ते कळावं लागतं, आणि मनकर्णाला तेव्हा आपलंच खरं वाटत होतं. उलट राहीबाईच तोऱ्यात आहे, असं ती चारचौघीत बोलून दाखवायची.

पाऊस झाला, केंद्र बंद पडलं, ज्यानं त्यानं आपली वाट धरली. श्रावणात काष्टीच्या बाजारात राहीबाईची भावजय लंकाबाई भाजी घेऊन बसली होती. मनकर्णानं सहज विचारलं, "नणंद गेली का सासरी?"

"गेली. ऊसतोडीला जानार हाय नवऱ्यासंगं," लंकाबाई म्हणाली. "जाईना का, तेवढंच मन रमंल. चार वर्षांची लेक विहिरीत गेली तिची, तिकडच्या कामावर. हजेरीला उभी हुती बाई. पोरीची हाक ऐकली, पन 'हजर' म्हनून मग पळाली. तवापासनं डोळ्यांतनं टिपूस न्हाई. म्हनून तर हिकडं आनली हुती, की बायकांत बसंल, बोलंल, कधीतरी रडंल."

मनकर्णाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. लंकाबाई दोनदा म्हणाली, "घेतीस का ठिवतीस?" पण तिला ऐकू गेलं नाही. तिला फक्त राहीबाईचं थांबणं आठवत होतं. ती बाई दोन महिने झेपाबाईचं बोट धरून त्या विहिरीपर्यंत येत होती, आणि नेमकी काठावर आली तेव्हा आपण तोंड मिटलं. एक 'हूं' म्हणायला काय जात होतं माझं, काय जात होतं, असं ती घरी येऊन चुलीपुढं पुटपुटत बसली. नवरा सहादेव म्हणाला, "काय झालं?" तर ती त्याच्यावरच खेकसली.

त्या पौषात राहीबाई राहुरीकडं तोडीवर आहे असं कळलं. मनकर्णानं सहादेवाला मावसबहिणीचं निमित्त सांगितलं, चांगुणाला काखेला मारलं आणि यष्टीत बसली. विचारत विचारत उसाच्या फडावर पोचेपर्यंत दुपार झाली. राहीबाई मोळ्या बांधत होती. मनकर्णाला बघून हसली, अगदी मनापासून हसली, आणि आधी चांगुणाकडं वळली.

"मोठी झाली गं!" तिनं उसाचं एक कांडं सोलून पोरीच्या हातात दिलं.

मनकर्णाला वाटेत जुळवलेलं काहीच आठवेना. ती तिथं पाचटावर बसली आणि म्हणाली, "राहे, चुकले मी. मला ठावं नव्हतं गं. म्या हुंकार द्यायला आले. सांग. झेपाबाईला रडायचं हुतं, तितपर्यंत आली हुती गोष्ट."

राहीबाईनं मोळीची गाठ आवळली. मग म्हणाली, "न्हाई रडली ती."

"का?"

"हुंकार द्यायला कुनी नव्हतं. मग रडंल कुनाम्होरं?"

"हूं," मनकर्णा म्हणाली. "हूं. मग?"

ती वाट बघत राहिली. राहीबाईनं आभाळाकडं पाहिलं, फडाकडं पाहिलं, चांगुणाच्या हनुवटीवरून ओघळलेला रस पदरानं टिपला. तिचे डोळे कोरडेच होते.

"मग काय न्हाई," ती म्हणाली. "आता मला ती गोष्ट येत न्हाई गं, मनकर्णे. ऊठ, तुझी यष्टी जाईल." आणि मोळी डोक्यावर घेऊन ती गाडीकडं निघून गेली.

परतताना मनकर्णानं नगरच्या स्टँडवर गाडी बदलली. शेजारी एक म्हातारी येऊन बसली आणि ओळख ना पाळख, आपल्या मेलेल्या म्हशीचं सांगायला लागली. कशी धारेला उभी राहायची, कसा चारा सोडला, कुणाकुणाला दाखवली. एरवी मनकर्णानं असल्या बाईला 'आजे, गप बस की' म्हणून गप केलं असतं. पण त्या दिवशी ती तिच्याकडं वळून बसली. म्हातारीच्या प्रत्येक वाक्याला तिनं 'हूं' म्हटलं, एकही चुकवला नाही. श्रीगोंदा येईपर्यंत मनकर्णाचा पदर ओला झाला होता. म्हातारीला वाटलं, ही आपल्या म्हशीसाठीच रडतेय. तिनं मनकर्णाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नगं रडू बाई. जनावरच हुतं ते."

"हूं," मनकर्णा म्हणाली.