पंचाने हात वर केला तेव्हा

गेल्या वर्षी खांदा धरला म्हणून मी खांदा कॉलनीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जायचो. तिथे एक धिप्पाड माणूस गुडघे शेकायला यायचा. कान चुरगळलेले, मान जवळजवळ नाहीच. एवढा मोठा देह, पण पाण्याचा ग्लाससुद्धा तो आवाज न करता खाली ठेवायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा टीव्हीवर कुस्ती लागली, तेव्हा त्याने खुर्ची वळवून टीव्हीकडे पाठ केली. मी विचारलं, "तुम्ही खेळायचात का?"

"भारताकडून. फ्रीस्टाइल, सगळ्यात वरच्या वजनात. आमी चिरनेरचे."

"मग सोडलंत का?"

"परदेशात फायनल होती. समोरच्याला उचलून टाकला, तो मानेवर पडला. पंचानं माझा हात वर केला तवा तो खालीच होता. मला वाटलं, दमलाय. त्याचं मानेखालचं अंग कायमचं गेलं."

माझ्या खांद्यावरची शेकाची पिशवी घसरून पडली, ती मी तशीच राहू दिली.

"मी परत मॅटवर गेलो नाय," तो म्हणाला. "नंतर त्याच्या घरी माफी मागायला गेलो. त्याच्या आईनं जेवायला वाढलं. तो मात्र माझ्यावर चिडला. दुभाष्याला म्हणाला, याला विचार, खेळणं का सोडलंस? मी पडल्या पडल्या टीव्हीवर याचीच कुस्ती शोधत होतो."

"पण त्याला राग का आला?"

"त्याला वाटलं होतं, मी तरी पुढं गेलो असंन."