सासूच्या खोलीवरची ताडपत्री

आमच्या वस्तीत एकी झाली, तेव्हा पहिला घाला पडला तो माझ्या सासूवर.

तलावाच्या पाळीखाली आम्हा मासेमारांना सरकारनं घरकुलं बांधून दिली. सिमेंटची, बरं का! दोन-तीन पावसाळ्यांत स्लॅब गळायला लागला, भिंतींचे पोपडे पडले, पांघरुणांना कुबट वास सुटला. सासूला दमा. ओल वाढली की तिला आडवंही होता येत नसे. शेवटी धान मळायची मोठी ताडपत्री मी तिच्या खोलीवर टाकली आणि दगडांनी दाबली. त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली आणि शांत झोपली.

मग वस्तीनं कमिटी केली. अर्ज झाले, मोर्चा झाला, आणि ब्रह्मपुरीहून साहेब पाहणीला येणार असं ठरलं. समाजमंदिरात बैठक बसली. कमिटीचे अध्यक्ष आमच्या शेजारचेच भाऊ. म्हणाले, "साहेब येईपर्यंत कोणी काई झाकाचं नाई. एक घर कोरडं दिसलं का साऱ्याइचं काम बोंबललं."

मी उभी राहिले. "भाऊ, माह्या सासूले दमा हाय. तिची खोली तरी राहू द्या."

"तुह्याच सासूले दमा हाय का वं? सारी वस्ती वली हाय!" मागून एक बाई बोलली. लोक हसले. माझा नवरा तिथंच बसून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. नंदीबैल मेला!

दुसऱ्या दिवशी कमिटीच्या पोरांनी ताडपत्री काढून अध्यक्षांच्या घरी नेली. वर पावसाची झड लागलेली. साहेब आज येतो, उद्या येतो. सासूची खाट मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत राहिले, पण कोरडा कोपराच उरला नाही. अध्यक्षांच्या दारात जाऊन मी पाया पडले. ते जेवत होते. "बाई, थोडी कळ काढ. साऱ्या वस्तीचा सवाल हाय." त्यांनी स्वतःची आई मात्र केव्हाच अहेरीला लेकीकडे धाडली होती.

सासू मला म्हणाली, "माह्यासाठी भांडू नोको वं. तुमाले इथीच राहाचं हाय." दोन दिवसांनी ती गेली.

"आता साहेबाले यावंच लागते," भाऊ माझ्यासमोरच बोलले. आणि आलाच की! तिच्या ओल्या खाटेजवळ उभं राहून त्यानं फोटो काढले. दुरुस्ती मंजूर झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगणात!

तेरवीलाही पावसानं उघाड दिली नाही. जेवणाऱ्यांच्या पानात पाणी पडेल म्हणून भाऊंनी तीच ताडपत्री आणली आणि स्वतः चढून अंगणावर ताणून बांधली. पंगत बसली. पानावर बसल्या बसल्या त्यांनी वर पाहिलं. "पाय बाई, एक थेंब नाई गळून राह्यला."

मी वरण वाढत होते. त्यांच्या पानातही वाढलं.