मोठेबाबांच्या मिशीचा अलंकार

अलंकार ओळखत बसणं ही माझी जुनी खोड. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, मामाकडे राहून मी मॅट्रिकचा अभ्यास करत होते, तेव्हा ती जडली. आमचे मराठीचे गुरुजी फळ्यावर एखादी ओळ लिहीत आणि विचारत, "इथं कवीनं काय केलं? सरळ का नाही सांगितलं?" बाकीच्या मुली जांभया देत. मला मात्र चेव येई. बाजारात भाजीवाली आपल्या वांग्यांची तारीफ करायला लागली, की मी मनात म्हणायची, झाली हिची अतिशयोक्ती सुरू!

अभ्यास ऐन रंगात आला आणि घरच्यांनी माझं लग्न ठरवलं. लग्न माघात, परीक्षा फाल्गुनात. मी रडून घर डोक्यावर घेतलं. मुलगा जंगलखात्यात कारकून, माणूस भला. "मले चालते, देऊ द्या परीक्षा," म्हणाला. पण त्याला वडील नव्हते. त्या घरात शब्द चाले तो त्याच्या मोठेबाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. त्यांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "पाहू." माझी परीक्षा त्या 'पाहू'वर लटकून राहिली.

चिमूरजवळच्या आमच्या गावी लग्न लागलं आणि वऱ्हाडाची पंगत बसली. आमच्याकडे व्याह्यांना गाण्यातून चार टोमणे मारल्याशिवाय पंगतीला चव येत नाही. माझी आत्या त्यात भलतीच पटाईत. तिनं मोठेबाबांना बरोबर हेरलं आणि बायांना घेऊन सुरू झाली:

"इवाई बसला जेवाले, पोट जशी ढोली!"

इवाई म्हणजे व्याही आणि ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कणगी. मोठेबाबा पोटावर हात फिरवून हसले.

"सात गावचं धान खाल्लं, भूक नाई गेली!"

ते आणखी हसले आणि मुद्दाम भात वाढून घेतला. मग आत्यानं तिसरी ओळ सोडली:

"मिशीले काजळ लावून इवाई नवरदेव व्हाले आला!"

मोठेबाबांचं हसू गपकन थांबलं. त्यांनी पत्रावळ पुढं सारली आणि ते उठले. थोरला उठला म्हणून अख्खी पंगत उठली. माझे बाबा हात जोडत धावले, पण ते ऐकायलाच तयार नव्हते.

मी आत बसून खिडकीतून पाहत होते. मला लगेच उमगलं. ढोली काय, सात गावं काय, सगळं खोटं होतं म्हणून गोड लागलं. काजळ तेवढं खरं होतं! घामानं ते ओठावर उतरलेलं मला तिथूनही दिसत होतं. हा माणूस आज उपाशी उठला, तर माझी परीक्षा गेलीच म्हणून समजा. मग कसली लाज नि कसलं काय! तशीच हळदीच्या अंगानं मी मांडवात गेले.

"मोठेबाबा, थांबा. तुम्ही गाणं चुकीचं समजून राह्यले."

"अवो बाई, नवरी बोलून राह्यली!" कोणीतरी ओरडलं. आईनं तोंडात पदर कोंबला.

"पोट जशी ढोली, ही उपमा," मी गुरुजींच्या सुरात म्हटलं. "सात गावचं धान, ही अतिशयोक्ती. आणि तिसऱ्या ओळीत ससंदेह अलंकार आहे."

"काय हाय?"

"ससंदेह. पाहणाऱ्याला संशय पडतो, हे खरं काय आहे? तुमच्या मिशा इतक्या काळ्याभोर, की आत्याला प्रश्न पडला, ही मिशी का काजळ? हे कौतुक आहे, मोठेबाबा."

आत्या काहीतरी बोलणार, तोच मी तिला चिमटा काढला. मोठेबाबांचा हात मिशीकडे गेला आणि बोट काळं होईल म्हणून मध्येच थबकला. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी थाप मारतेय हे त्यांना कळलं, आणि त्यांना ते कळलंय हे मला कळलं. मग ते खाली बसले.

"ससंदेह हाय म्हणते, बापा! बसा सारे. भात आणा!"

जेवता जेवता त्यांनी मला विचारलं, "हे कुठी शिकवतेत?"

"मॅट्रिकले."

"मंग पुरं कर. अर्धं काऊन टाकते?"

मला रडूच कोसळलं. बायांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते बिचारी.

फाल्गुनात नवऱ्याला रजा मिळेना, तेव्हा मोठेबाबाच मला मोटरीनं चांद्याला घेऊन आले. मराठीच्या पेपराला ते शाळेबाहेर चिंचेखाली बसून होते. मी बाहेर येताच त्यांचा पहिला प्रश्न, "आपला ससंदेह आला का?"

"नाई आला. स्वभावोक्ती आली."

"ते काय असते?"

"जे जसं आहे, ते तसंच सांगायचं. पण ऐकणाऱ्याला गोड वाटलं पाहिजे."

ते खो खो हसले. "त्या दिशी तू हा सांगितला असता, तर आज इथी नसती, पोरी!"

उन्हात मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सकाळी काळ्याभोर असलेल्या मिशा आता कापसासारख्या पांढऱ्या होत्या. काजळाचा मागमूस नव्हता.

"मोठेबाबा, मिशी?"

"तुह्यासमोर आता काय लपवू?" ते म्हणाले. "सांग, आता इले कोणता अलंकार?"

"स्वभावोक्ती," मी म्हटलं, आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर मिशीवरून बिनधास्त बोट फिरवलं.