पहिलं आमेन घरच्यांचं

"हात पुढे कर," बंधुजी म्हणाले.

आईला वाटलं, आता भाकर मिळणार. रविवारची उपासना संपत आली होती, प्रभुभोजन चाललं होतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि दोन्ही हात पुढे धरले. बंधुजींनी भाकरीचं ताट शेजारच्या माणसाकडे दिलं, खाली वाकले आणि आईचे हात हुंगले. बाजारात खवा ताजा आहे का बघायला हुंगतात, तसे. आधी उजवा, मग डावा. सगळी मंडळी बघत होती. मी तिच्या शेजारीच सतरंजीवर बसले होते, समोर पेटी, कारण उपासनेत गाणी मीच म्हणायची.

"तंबाखू," ते म्हणाले. आईला नाही, सगळ्यांना सांगितलं. आणि पुढच्या बाईच्या हातावर भाकर ठेवली.

आईचे हात तसेच हवेत राहिले. मग प्याला आला. तोही तिला चुकवून पुढे गेला. एक म्हातारी मान वळवून भिंतीकडे बघायला लागली. बंधुजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गीत." मी पेटीवर सूर धरला. मला राग आला होता असं आता लिहिणं सोपं आहे. खरं सांगते, मला लाज वाटत होती. आईची नव्हे, माझीही नव्हे. लाज वाटत होती एवढं मात्र खरं. कुणाची ते कळायला मला पुढचा रविवार यावा लागला.

बंधुजी म्हणजे आमच्या मंडळीचे पुढारी. वरच्या जातीतून ख्रिस्ती झालेले, इंग्रजी बोलणारे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले. प्रभूसाठी आपण सगळं सोडलं असं ते उपदेशात सांगायचे. घर सोडलं होतं ते खरं. नव्या पेठेतलं कापडाचं दुकान सोडलं नव्हतं. आधीच्या चर्चमधून भांडून बाहेर पडले आणि शुक्रवार पेठेतल्या एका बोळात, जुन्या गोदामात त्यांनी स्वतःची मंडळी उभी केली. तिथं आम्ही सगळे होतो. मिलमधले कामगार, दवाखान्यातल्या आया, हातगाडीवाले, विड्या वळणाऱ्या बायका. बहुतेक गावकुसाबाहेरून आलेले. आणि पुढे, एकुलत्या एका खुर्चीवर, बंधुजी.

रात्री गोदामात आम्हाला वाचायला शिकवायचे तेही बंधुजीच. त्यांना विचारल्याशिवाय काही होत नसे. मुलीचं लग्न कुणाशी, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, माहेरी किती दिवस राहायचं. सिनेमा बंद. हळदीकुंकू बंद. शेजारणीच्या घरचं लाडवाचं ताट परत. आणि हे सगळं आम्ही आनंदानं करत होतो बरं का. कुणीतरी आपल्या घरात एवढं लक्ष घालतंय याचंच आम्हाला अप्रूप होतं. आमच्याकडे आधी कोण बघत होतं?

माझा आजा करकंब गावचा. तिथं त्याला हॉटेलात चहा बाहेर मिळायचा, वेगळ्या कानतुटक्या कपात. तो ख्रिस्ती झाला ते एका गोष्टीसाठी, इथं सगळे एकाच प्याल्यातून पितात म्हणून. स्वर्ग, नरक वगैरे त्याला नंतर समजलं. प्याला आधी समजला. आई ही गोष्ट मला लहानपणापासून सांगत आली. आणि त्याच आईच्या समोरून तोच प्याला पुढे गेला.

कारण काय, तर आई वळायची त्या विड्या. विश्वासी माणसानं तंबाखूला हात लावायचा नाही असं बंधुजींनी ठरवलं होतं. आईनं ऐकलं. सूप, कात्री, पानं, सगळं कारखान्यात परत देऊन आली आणि दोन घरची धुणी धरली. मग मिलची एक पाळी बंद झाली, बाबा घरी बसले. दुष्काळ नुकताच सरला होता आणि ज्वारी हाताला लागत नव्हती. आईनं पुन्हा सूप मांडीवर घेतलं. शनिवारी संध्याकाळी राखेनं हात घासायची, लिंबू चोळायची. पण तो वास जात नाही. विड्या वळणाऱ्या बाईच्या कातड्यातच तो मुरलेला असतो.

आमच्या मंडळीत शिस्तीची एक रीत होती. ती बाहेरच्या कुणाला सांगितली की खरी वाटत नाही. ज्याला मंडळीतून काढायचं त्याला पुढे उभं करायचे. बंधुजी त्याचा गुन्हा सांगायचे आणि मग एकेकानं उठून "आमेन" म्हणायचं. पहिलं आमेन घरच्यांचं. नवऱ्याचं, बायकोचं, लेकरांचं. ते झालं की बाकीच्यांचं. त्यानंतर त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, घरच्यांनी एका ताटात जेवायचं नाही, तो पश्चात्ताप करून परत येईपर्यंत. बंधुजी याला प्रेम म्हणायचे.

त्या आठवड्यात त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं. गादीवर बसवलं. आमच्यातली मुलगी त्या गादीवर बसली नव्हती कधी. नोकराला चहा आणायला सांगितला. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. हे त्यांना ठाऊक होतं, कारण आमचं सगळंच त्यांना ठाऊक असायचं.

"अध्यापिका विद्यालयात तुझी जागा झाली म्हणून समज," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर घेतात ते. येत्या रविवारी तुझ्या आईची शिस्त आहे. तुझं आमेन मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. आपलं माणूस चुकलं तर आधी आपण उभं राहायचं, यालाच निष्ठा म्हणतात."

एवढं बोलून त्यांनी माझ्यासमोर बशीत चहा ओतला. अगदी प्रेमानं. तो माणूस वाईट बोलला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

घरी आले तेव्हा आई विड्या वळत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हण की मग," ती म्हणाली.

"काय म्हण?"

"आमेन. येक शबूद हाय. त्यानं मी काय मरत न्हाय. तू शिक. तुज्या हाताला ह्यो वास नगं."

बाबा उंबऱ्यात बसले होते. त्यांच्याकडे मी बघितलं. ते म्हणाले, "मी दारूत बुडालो हुतो. बंधुजीनी मला गटारीतनं वडून काडलं. आंगुळ घातली सोताच्या हातानं. त्ये मी कसं इसरू?"

हेही खरं होतं. बाबांची दारू बंधुजींनीच सोडवली होती. म्हणूनच या गोष्टीत कुणाला नुसतं काळं फासून मला मोकळं होता येत नाही. त्यांनी माझ्या बापाला माणसात आणलं आणि त्या बदल्यात त्याचं तोंड कायमचं स्वतःकडे ठेवून घेतलं.

रविवार आला. गोदाम भरलं होतं. शिस्तीच्या दिवशी कुणी घरी राहत नसे. आई पुढे उभी होती, धुतलेलं हिरवं लुगडं नेसून. बंधुजींनी बायबलातलं शास्त्र वाचलं. मग गुन्हा सांगितला. चोरून तंबाखूचं काम, मंडळीची आज्ञा मोडली, अशुद्ध हातानं प्रभूच्या भाकरीपाशी आली.

अशुद्ध. हा शब्द मला नवा नव्हता. आजाच्या गोष्टीत तो होता, करकंबच्या वेशीवर होता. तो आम्ही तिथं सोडून आलो असं आम्हाला वाटत होतं. तो आमच्या आधीच इथं येऊन खुर्चीवर बसला होता.

"घरचे," बंधुजी म्हणाले.

बाबा उठले. "आमेन," म्हणाले आणि खाली बसले. त्यांनी आईकडे बघितलं नाही. आईनं मात्र त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

मग माझं नाव घेतलं गेलं. मी उभी राहिले. समोर पेटी होती, तिच्यावर हात ठेवून उभी राहिले. मास्तरीण व्हायचं होतं मला. फार व्हायचं होतं. मी रात्रंदिवस तेच घोकत होते. आणि आईनं स्वतः सांगितलं होतं, म्हण म्हणून.

"तुझं?"

"मी म्हणणार नाही."

"मोठ्यानं बोल. ऐकू आलं नाही."

"मी म्हणणार नाही. आई चुकलेली नाही."

असं आधी कधीच झालं नव्हतं. घरच्यांनी आमेन नाही म्हटलं तर पुढे काय करायचं याची रीतच नव्हती. बंधुजी शास्त्राची पानं उलटत राहिले. तो मोठा माणूस मला पहिल्यांदा गांगरलेला दिसला. तेव्हा मला कळलं, गेल्या रविवारी मला लाज कुणाची वाटत होती ते. आमच्या सगळ्यांची. एवढी माणसं गप्प बसली होती, त्यांची.

मग त्यांनी पुस्तक मिटलं. "ही पोरगीही आईबरोबर बाहेर," ते म्हणाले. "घरचे."

म्हणजे बाबांनी पुन्हा उठायचं होतं. पोटच्या पोरीसाठी.

बाबा उठले. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. बंधुजी म्हणाले, "भाऊ, प्रभू ऐकतोय." आणि बाबांनी ते म्हटलं. माझ्यावर आमेन म्हटलं. हळू, पण म्हटलं. मी ऐकलं.

आई गर्रकन वळली.

"मला काय म्हनायचं त्ये म्हना," ती म्हणाली. "हुंगा, काडा, काय बी करा. माज्या पोरीला न्हाय. तिच्यावर आमेन म्हनणारं कोन हाय तुमच्यात, उटा बघू. माज्या तोंडाकडं बघून म्हना."

कुणी उठलं नाही. आईनं माझं मनगट धरलं आणि आम्ही माणसांच्या मधून चालत बाहेर आलो. आमच्यामागं आमेनं सुरू झाली, तुटक तुटक. आमची पाठ वळल्यावर त्यांना ती म्हणता आली.

माझी जागा गेली, हे सांगायला नको. नळावर बायका आमच्याशी बोलेनाशा झाल्या. बाबा घरातच राहिले, पण वेगळं ताट घेऊन कोपऱ्यात जेवायचे. आई त्यांना वाढायची आणि ते मान खाली घालून खायचे. एकदा मी ओरडले, "करकंबला आजाला असंच वाढायचे ना?" बाबांनी घास तसाच ठेवला आणि उठून गेले. त्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कोपऱ्यातच बसले. त्यांनी मंडळी कधीच सोडली नाही.

मी आईबरोबर सूप घेऊन बसले. माझ्याही हाताला तो वास लागला. पुढे बालवाडीत कामाला लागले, बाहेरून शिकत राहिले. उशीर झाला, पण मास्तरीण झाले.

काही वर्षांनी सुमन माझ्याकडे आली. अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी, मंडळीत माझ्या मागच्या रांगेत बसायची. तिचं लग्न बंधुजींनी ठरवलेलं. नवरा मारायचा, आणि सहन कर असं सांगायचेही बंधुजीच. शेवटी तिनं नवरा आणि मंडळी दोन्ही सोडलं होतं. तरी बोलता बोलता म्हणाली, "काय बी म्हना अक्का, त्यांनीच आपल्याला वाचाय शिकवलं की."

"शिकवलं," मी म्हटलं. "म्हणूनच मला वाचता आलं, की त्या पुस्तकात बायकांचे हात हुंगायचं कुठंच लिहिलेलं नाही."

ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. म्हणाली, "तुमच्यावर मी आमेन म्हटलं हुतं. भ्या वाटलं, म्हनून."

मला ठाऊक होतं. तिचा आवाज मी ओळखला होता. मी तिला जवळ घेतलं, पण "जाऊ दे" म्हटलं नाही. जाऊ द्यायचं कसं? एकटे बंधुजी म्हणजे कापड मोजणारा एक माणूस. त्यांना बंधुजी आम्ही केलं, उठून उठून, एकेका आमेननं. निष्ठा आम्ही देवाला वाहिली आणि ती घेऊन गेला खुर्चीतला माणूस. हे मी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय."

त्यानंतर बंधुजी थकले आणि त्यांचा पुतण्या मंडळी चालवायला लागला. तो एक दिवस आमच्या घरी आला. तरुण, गोड बोलणारा. खाली चटईवर बसला, आईच्या हातचं पाणी प्याला. म्हणाला, "ताई, झालं गेलं विसरा. परत या. मंडळी आता बदललीय."

"काय बदललं?" मी विचारलं.

"आता आम्ही कुणाला पुढे उभं करत नाही. आपापल्या जागी बसूनच आमेन म्हणतात."

मला हसू आलं. बिचाऱ्याला खरंच वाटत होतं की ही सुधारणा आहे.

"मी येईन," मी म्हटलं. "ज्या रविवारी तुम्ही कुणाला काढणार असाल, तो रविवार मला कळवा."

त्यानं कळवलं नाही. पण शुक्रवार पेठेत गोष्ट लपत नाही. एका विधवेनं परजातीतल्या माणसाशी लग्न करायचं ठरवलं होतं, तिची शिस्त होती. मी आणि सुमन गेलो. दारातल्या माणसानं हात आडवा धरला, सुमननं तो बाजूला केला. ती बाई एकटीच बसली होती, तिच्या भोवतीची सतरंजी रिकामी. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना जाऊन बसलो. पुतण्या म्हणाला, "तुम्ही मंडळीच्या नाही." मी म्हटलं, "हो, नाही. हिच्या आहोत." पुरुषांच्या बाजूला बाबा बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

तिला काढलंच. आम्ही तिला घेऊन बाहेर आलो.

पुढच्या खेपेलाही मी जाणार आहे. बाप समोर बसलेला असो, दाराला कुलूप असो. ज्याला ते काढतील त्याच्या शेजारी मी बसणार, आणि कोण कोण आमेन म्हणतंय ते प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून ऐकणार.