काकांचा न उठणारा लॅपटॉप

आमच्या शेजारच्या काकांइतका यंत्रांवर जीव लावणारा आणि त्यांनाच तोंडभर शिव्या देणारा माणूस बोर्ली पंचतनच्या पंचक्रोशीत दुसरा झाला नाही. मिक्सर उघडताना ते त्याला "चिरंजीव" म्हणत. आगरदांड्याहून दिघीला जाताना बोटीच्या इंजिनाला कान देऊन "ह्याला खोकला झालाय" असं बोट हाकणाऱ्या तांडेलाला बजावत. आणि एकदा बोट खरंच धक्क्याजवळ बंद पडली, तेव्हा सगळ्या उतारूंकडे असे बघत राहिले, की पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. निवृत्तीनंतर त्यांना लॅपटॉपचं वेड लागलं. जुनी सिस्टीम फार डुलक्या घेते म्हणून त्यांनी ती मुळासकट काढली आणि फुकटातली नवी स्वतःच टाकली. मला मुद्दाम बोलावून दाखवली. "बघ, पोर कसं टणकन उठतं!"

थोड्याच दिवसांत पोर उठेना. काळा पडदा, वर इंग्रजीत एकच ओळ: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. मी सेटिंगमध्ये गेलो, तर जुन्याच सिस्टीमपासून सुरुवात कर, असं कुणीतरी सांगून ठेवलेलं. ते बदललं, लॅपटॉप चालू. पुन्हा तेच, पुन्हा तेच. काकांनी चार्जर बदलला, बॅटरी बदलली, खारी हवा बाधते म्हणून लॅपटॉपला काकूंच्या शालीत गुंडाळलं. "मशीनच नाठाळ!"

एकदा मी निघालो, तशा काकू फाटकापर्यंत आल्या. "मशीन न्हाय रे बिघडलं," त्या हळूच म्हणाल्या. "आमचे हेच सेटिंगमध्ये जाऊन जुनं शोधत बसतात. ते काढून टाकलंय, ह्याची आठवण राहत न्हाय त्यांना. परवा बाजारातून घरची वाट चुकले. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. त्यांना बोलू नको हां."

मी बोललो नाही. येत राहिलो, तेवढी एक सेटिंग बदलत राहिलो, काकांच्या शिव्यांना हो ला हो म्हणत राहिलो.

मग एका दुपारी मी पडद्यावर वाकलो होतो आणि काका माझी बोटं बघत होते.

"हे मीच करतो ना?"

"नाही हो काका, मशीनच..."

"राहू दे." त्यांनी माझा हात दाबला आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हिला सांगू नकोस. घाबरेल."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. काकांना ते जाणवलं की नाही, कोण जाणे. बऱ्याच वेळाने काकू चहा घेऊन आल्या. "झालं का रे चालू?" त्यांनी हसून विचारलं. "झालं, झालं," काकाही हसून म्हणाले. चहात साखर दोनदा पडली होती. आम्ही तिघांनी तो मुकाट्याने संपवला.